मामांचा उजवा पाय

भंडाऱ्याला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात जो तो एकच विचारतो, वाघ दिसला का? नागझिऱ्याच्या जंगलाच्या इतक्या जवळून दोनदा गेले, पण वाघ काही दिसला नाही. मी जे पाहिलं ते एका दहा वर्षं वापरलेल्या पांढऱ्या छोट्या गाडीच्या बॉनेटखाली पाहिलं, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून हे न विचारता लिहिते आहे.

आधी जायचं कारण सांगते. मोहाडीजवळच्या एका गावात माझे धाकटे मामा राहतात. वय चौऱ्याहत्तर. तलावाखाली धानाची शेती, आणि त्याआधी उमेदीची वीस वर्षं राईस मिलचा ट्रक चालवलेला. त्यांचा मुलगा विजय पुण्यात माझ्याच भागात असतो. मी जायच्या आठ दिवस आधी मामा-मामी बाजाराला निघाले होते. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, समोर बैल आले. गाडी थांबली नाही. मामांनी ती बाजूला वळवली आणि ती तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात जाऊन घुसली. बैल वाचले, माणसं वाचली, मामींच्या कपाळाला टेंगूळ आलं. विजयने त्याच संध्याकाळी निकाल लावला. बाबांचा पाय आता वेळेवर पडत नाही, गाडी विकायची. साकोलीच्या एका दुकानदाराला त्याने फोनवरच गिऱ्हाईक म्हणून पक्कं केलं.

मला नागपूरला लग्नाला जायचंच होतं. विजय म्हणाला, "ताई, गाडीवर तुझा हात साफ आहे. चार दिवस आधी जा, बाबांना शेजारी बसव आणि गाडी साकोलीला पोचवून दे. कागदांवर सह्या त्यांच्याच लागतील. मी बोललो की वाद होतात, तुला नाही म्हणणार नाहीत."

मी हो म्हटलं. मला वाटलं, यात काय अवघड आहे.

वरठी

स्टेशनचं नाव भंडारा रोड आणि ते आहे वरठीत. नवखा माणूस उतरतो आणि भंडारा शोधत बसतो. मी उतरले तेव्हा पोलाद कारखान्याची पाळी सुटली होती आणि मोटारसायकली, सायकली, डब्याच्या पिशव्या यांचा लोंढा रस्त्याने चालला होता. त्या लोंढ्याच्या कडेला एक ऑटो उभी होती आणि ऑटोच्या मागच्या सीटवर मामा बसले होते.

या माणसाला मी मागच्या सीटवर कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी आम्ही यायचो तेव्हा ते ट्रक घेऊन न्यायला यायचे, पुढे जीप आली, मग ही गाडी. प्रत्येक वेळी खिडकीतून बाहेर काढलेला एक कोपर आधी दिसायचा आणि मग मामा. आज दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहावी तसे.

"आली काय बाई सुनंदा," ते म्हणाले. "बस. गाडी नाही आनली. तुले तं माहीतच हाय."

मला माहीत होतं. मी भलतंच काहीतरी बोलले, थंडी फार आहे वगैरे.

तलावाची पार

धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, नुसते खुंट उरले होते आणि त्यांच्यामधून लाखोरीची, म्हणजे लाखेच्या डाळीची, कोवळी हिरवी रोपं वर आली होती. धान उभं असतानाच ओल्या जमिनीत लाखोरी टाकून ठेवायची, पहिलं पीक निघालं की दुसरं हजर, अशी इथली रीत. माझ्या सासरी नाशिकला द्राक्षाच्या वेलीचे लाड करता करता माणूस म्हातारा होतो, त्यामुळे मला या आपसूक आलेल्या पिकाचं फार कौतुक वाटलं.

मामींनी लाखोरीचा पाला आणि चिन्नोरचा वासाचा भात केला होता. कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं पडलं होतं. मी त्याकडे पाहिलं की त्या पदर पुढे ओढायच्या आणि मला आणखी भात वाढायच्या. आमच्याकडे पाहुण्याला "घ्या ना" म्हणतात. इथे विचारत नाहीत, वाढतात.

अंगणात भिंतीला जुन्या रेंगीचं एक चाक टेकवून ठेवलं होतं. रेंगी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. मी त्याबद्दल विचारलं तर मामी खुलल्या.

"तिची आसाले तेल मीच देत होती," त्या म्हणाल्या. "पावनी बाई जाले निंगाली का घरच्या बाईनं रेंगीले तेल द्याचं, ह्या घरची रीतच होती. माह्या सासूनं पैल्याच दिवशी शिकवलं. रेंगी कुरकुर करत गावातून गेली तं लोक म्हनत, ह्या घरची बाई कोरडी हाय."

"कुठलं तेल?"

"घरात जे असल ते. जवसाचं, मोहाचं. तेलाले काय, तेल ते तेल."

हे वाक्य मी त्या वेळी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

दिवेलागणीला मामा ओसरीवर पाय पसरून बसले. मामी वाटी घेऊन आल्या. जवसाच्या तेलात लसूण आणि ओवा काळा होईपर्यंत कढवलेलं, सगळ्या घरभर त्याचा वास. मामांच्या उजव्या गुडघ्यापासून खाली पावलापर्यंत त्या ते चोळत होत्या, अंगठ्याने शिरा शोधत, मान खाली घालून. मामा तलावाकडे पाहत होते.

मी हळूच विचारलं, "मामा, गाडीत काही बिघाड नव्हता ना? काही दिवे वगैरे लागत होते का?"

"गाडीत काई नाही," मामा म्हणाले. "पिवळी लाईट लागून राहिली धान कापाच्या वक्तापासून, तिचं काई वाटत नाही, गाडी तं चालतेच. लाल लाईट लागली होती मंधात. मी हिले म्हटलो का ब्रेकचं तेल कमी झालं, मोहाडीले गेलो का भरतो. तं दोन दिवसांनी आपोआपच बंद झाली. महिना झाला, बॉनेटले हात नाही लावलो. गाडी चांगली हाय, बाई. मी बिघडलो."

मामींचा हात एक क्षण थांबला आणि पुन्हा चोळू लागला.

"पारीवर मी पाय दाबलो का नाही, मलेच समजत नाही," मामा म्हणाले. "दाबलो असतो तं थांबली असती. म्हंजे पाय पडलाच नाही. बाजूले ही बसून होती. ढीग नसता तं तिकडं तलाव होता."

मी पन्नाशीची बाई, दोन मुलं वाढवलेली, शाळेत तीस वर्षं पोरांना दटावलेलं. पण त्यावर मी फक्त तेलाची वाटी मामींच्या हाताजवळ सरकवली. विजय म्हणतो तसा वाद तिथे कुठेच नव्हता. मामांनी किल्ली स्वतःच्या हाताने खिळ्याला लावली होती आणि त्यांचा निकाल विजयपेक्षा कडक होता.

लाखनीच्या पुढे

सकाळी निघालो. मामींनी शिदोरी दिली, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि आत गेल्या. बाहेर येऊन हात हलवायला त्या थांबल्या नाहीत. गाडी विकायला चालली होती, पाहुणी नव्हती चालली.

मी स्टीअरिंगवर, मामा डाव्या बाजूला. भंडाऱ्यापर्यंत ठीक गेलं. फक्त गाडी मोकळी धावत नव्हती. अॅक्सिलरेटर सोडला की आपली गाडी थोडी तरी पुढे वाहते, ही लगेच मंदावायची, जणू मागे कुणी पदर धरला आहे. आणि ब्रेकचा पेडल वरच्या वर कडक लागायचा. मी मनात म्हटलं, जुनी गाडी, प्रत्येकीची खोड वेगळी. पुण्यात रोज गाडी चालवते म्हणजे खरं तर रोज ब्रेकच चालवते, तरी मला संशय आला नाही. शहाणपण असं ऐन वेळी रजेवर जातं.

महामार्गावर लाखनी मागे पडलं आणि एका वळणावर लाल दिवा लुकलुकला. गोलाच्या आत उद्गारचिन्ह. सरळ रस्त्याला विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला आणि या वेळी लागलेलाच राहिला. त्याच वेळी जळकट वास आला. पुढे एक धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर रस्त्यावर चढत होता. मी ब्रेक दाबला. पेडल, जो आत्तापर्यंत दगडासारखा होता, तो लोण्यात बोट जावं तसा खाली गेला आणि तळाला टेकला. गाडी चाललीच होती.

माझ्या तोंडून "मामा" एवढंच निघालं.

"भेऊ नको," मामा म्हणाले. आवाज इतका शांत की मला आधी वाटलं त्यांना कळलंच नाही. "पाय उचल अन् पुन्हा दाब. दाबत राह्य. दुसऱ्यात घे. घेतली? सोड क्लच. आता पैल्यात. हँडब्रेक हळू, एकदम नको ओढू, गाडी फिरल. डाव्या अंगाले घे, मातीवर."

इंजिन ओरडलं, गाडीने दोन धक्के दिले, आणि आम्ही उकडलेल्या शिंगाड्यांच्या एका टोपलीपासून हातभर अंतरावर थांबलो. टोपलीवाली बाई उठून उभी राहिली होती, टोपली तशीच सोडून.

मामांकडे पाहायला वळले आणि नजर खाली गेली. त्यांच्या बाजूला ना ब्रेक ना क्लच, नुसती रबरी चटई. त्या चटईवर त्यांचा उजवा पाय अजून दाबलेला होता, चप्पल वाकेपर्यंत. आणि मला आठवलं. ट्रॅक्टर दिसला तेव्हा शेजारी "टप" असा आवाज आला होता, आणि तो मी ब्रेक दाबायच्या आधी आला होता.

"मामा," मी म्हटलं, "तुमचा पाय बघा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच उचलला आणि पुन्हा खाली ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा.

देवाजी मिस्त्री

शिंगाडेवाल्या बाईने समोरच्या पेट्रोल पंपामागची पत्र्याची शेड दाखवली. तिथले देवाजी मिस्त्री साठीच्या घरातले, कानावर पेन, गळ्यात मफलर. त्यांनी चाकांजवळ हात नेला, हात न लावताच मागे घेतला आणि म्हणाले, "चारही तापून हायेत. थंडी होऊ द्या तिले. तवरक चाय घ्या."

पुण्यात आमची गाडी आजारी पडली की एक मुलगी कॉम्प्युटरवर नंबर घालते, वायर जोडतात आणि यंत्र आजाराचं नाव सांगतं. देवाजींकडेही तसं छोटं यंत्र होतं, पण ते त्यांनी खिशातून काढलंच नाही. त्यांनी मामांसमोर स्टूल ओढलं आणि गावातला जुना वैद्य नाडी धरायच्या आधी करतो तशी चौकशी सुरू केली.

"काकाजी, लाल लाईट पैले लागली का पाय पैले खाली गेला?"

"लाईट. महिना झाला."

"मंग?"

"मंग बंद झाली. आपोआप."

देवाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "आपोआप लागते, काकाजी. आपोआप बंद नाही होत. ब्रेकचे पॅड झिजले का डबीतलं तेल खाली जाते, मंग लाईट लागते. ते तेल वर कसं आलं? कोनी भरलं?"

"कोनी नाही," मामा म्हणाले.

देवाजींनी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची ती लहानशी पांढरट डबी, तिचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतली रबरी चकती बाहेर काढून त्यांनी तळहातावर ठेवली. ती फुगून, लाटा येऊन, भिजलेल्या पापडासारखी झाली होती.

"हे पाहा," ते मला म्हणाले. "हे रबर फुगलं म्हंजे आतले सगळेच फुगले. फुगलेलं रबर ब्रेकले सोडत नाही, म्हून गाडी ओढून राहिली, चाकं तापली. अन् तापून तापून शेवटी पेडलच गेलं, थंडी झाली का पुन्हा येते. आता हे तेल कोन्तं, ते पाहू."

स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं आणि डबीतले चार थेंब त्यात टाकले. "ब्रेकचं असल तं पान्यात मिसळून जाते." थेंब मिसळले नाहीत. वर तरंगत राहिले, पोह्यांवर तर्री तरंगते तसे, आणि त्यांचे डोळे एकमेकांत मिसळून एक मोठा पिवळा डोळा झाला.

देवाजींनी बोट नाकाशी नेलं. भुवया वर गेल्या. पुन्हा नेलं.

"लसन?" ते म्हणाले.

मी आणि मामांनी एकमेकांकडे पाहिलं. मला कालची ओसरी दिसली, वाटी दिसली, थांबलेला हात दिसला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे तेच औषध दोघांनाही दिलं गेलं होतं. लाल दिवा म्हणजे तेल कमी, एवढं मामांनी मामींना सांगितलं होतं. घरातून गाडी निघते, तिला तेल कमी आहे, आणि घरात तेल आहे. कोरडी बाई म्हणवून घ्यायचं नव्हतं त्यांना. दिवा विझला तेव्हा त्यांना किती बरं वाटलं असेल.

माझं तोंड उघडायच्या आत मामा बोलले.

"मीच टाकलो," ते म्हणाले.

"काकाजी!" देवाजी उभेच राहिले. "तुमी ट्रक चालवलेले मानूस! हे काय बैलाचं खासर हाय का, घरचं तेल वतून देल्लं? रबराले हे तेल म्हंजे जहर. जीव गेला असता दोघायचा!"

"बराबर हाय," मामा म्हणाले. "ध्यान नाही राह्यलं."

"अन् आता म्हनत होते कोनी नाही टाकलं!"

"चुकलं, बापा."

देवाजींनी त्यांना चांगलं पाच मिनिटं झापलं. मामा मान डोलवत ऐकत होते. आणि मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा उजळत चालला होता. आठ दिवसांनी प्रथम त्यांचा एक कोपर शेडच्या खांबावर टेकला, त्याच जुन्या ऐटीत.

मग देवाजींनी चाकं काढली. पिवळ्या दिव्याचंही मूळ सापडलं. चाकाची गती मोजणाऱ्या बोटभर सेन्सरवर बांधीतला चिखल बसून वाळून दगड झाला होता. त्यांनी तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला. "पिवळी लाईट म्हनते सांभाळून चाल, लाल म्हनते थांब," ते मला म्हणाले. "लोक पिवळीले नमस्कार करते अन् लालले कापड लावते. गाडी आपली बोलून राहिली, आयकाले कोनी नाही."

सगळी रबरं, सगळे पाइप, चारही चाकांचे पॅड बदलायचे होते. सामान साकोलीहून यायचं होतं. गाडी उद्या मिळणार होती. साकोलीच्या दुकानदाराला मी तिथूनच फोन केला आणि सांगितलं की गाडी आजारी आहे, विकत नाही. मामांना न विचारता सांगितलं. ते शिंगाडे सोलत होते, त्यांनी मान वर केली नाही.

एसटीत

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ मामा, मांडीवर शिंगाड्यांचा कागद. सोलून एक मला, एक स्वतःला. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे मी दाबलो होतो."

"हो, मामा."

"पारीवर. पाय पडला होता माहा."

"वेळेवर पडला होता. आज माझ्याआधी पडला."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मी त्यांचा हात धरला. तो खरखरीत, स्टीअरिंगने घट्टे पडलेला हात धरून मी शाळेत पहिल्यांदा गेले होते, कारण आई आजारी होती आणि मामा ट्रक थांबवून आले होते. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बसमध्ये सांगितलं.

मग ते म्हणाले, "तिले सांगजो नोको."

"पण मामा, तुम्ही स्वतःवर का घेतलं?"

"आठ दिवस झाले. तिचं कपाळ फुटलं. तिनं मले एका शब्दानं नाही म्हटलं का तुमचा पाय नाही पडला. उलटी माह्याच पायाले तेल लावून राहिली दोन टाइम. आता मी जाऊन म्हनू का तुह्याच तेलानं झालं? जीव सोडल ते. चिखल होता म्हनू. चिखल तं होताच."

"आणि पुन्हा घातलं तर?"

"ते माह्यावर सोड," मामा म्हणाले आणि पुढचा शिंगाडा सोलला.

घरी गेल्यावर त्यांनी अंगणातूनच सांगितलं, "गाडीतच बिघाड होता वो. चिखल अटकला होता." मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, तिथेच चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमचा पाय नाही." मग पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि त्या संध्याकाळी वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी अशी झाली की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

विजयला मी फोन केला. त्याला म्हटलं, ब्रेकची रबरं गेली होती, कुणाचाही पाय वाचवू शकला नसता. तुझ्या बाबांनी मला आज फक्त आवाजावर गाडी थांबवून दाखवली.

मग तो म्हणाला, "ताई, मी त्यांना म्हटलं होतं की आईला मारायचंय का तुम्हाला."

"मग आता त्यांनाच फोन कर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्याने केला. मामा तो घेऊन गोठ्याकडे गेले, काय बोलले मला माहीत नाही. परत आले तेव्हा नाक शिंकरत होते.

विटेची रेघ

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो. देवाजींनी शेडमागच्या रिकाम्या रस्त्यावर विटेच्या तुकड्याने एक आडवी रेघ मारली आणि किल्ली माझ्या हातात न देता मामांना दिली.

"चाळीसनं या अन् रेघेवर थांबवा. दुरुस्ती माही तपासतो, तुमाले नाही तपासत," ते म्हणाले. पण दोन्ही तपासत होते, हे आम्हा तिघांना कळत होतं.

मामांनी किल्ली घेतली. आत बसून सीट पुढे-मागे केली. एकदा वाटलं, उतरतील. मग गाडी लांब गेली, वळली आणि आमच्याकडे आली. गाडी धक्का न देता, कुरकुर न करता थांबली. पुढचं चाक बरोबर रेघेवर. देवाजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काकाजी, अर्ध चाक पुढं हाय."

"तुही रेघच वाकडी हाय," मामा म्हणाले.

घरापर्यंत तेच चालवत आले. मी डाव्या सीटवर, माझा उजवा पाय चटईवर मोकळा. दिव्यांच्या पट्टीवर एकही दिवा लागला नाही.

निघताना

तिसऱ्या सकाळी मला वरठीला सोडायला दोघं येणार होते. थंडी होती, गाडीच्या काचेवर दव होतं. मामा स्टीअरिंगवर बसले, दार उघडंच. मी पिशव्या डिकीत ठेवत होते, चिन्नोर, शिंगाडे, लाखोरीची डाळ.

आणि मामी घरातून आल्या. हातात तेलाची बाटली. लसणाची, ओव्याची, काळसर तेलाची. त्या सरळ बॉनेटकडे गेल्या.

"थांब बाई सुनंदा," त्या मला म्हणाल्या, "पावनी बाई निंगाली, गाडीले थोडं तेल दिऊ दे. मांगं लाल लाईट लागली तं मीच घातली होती, तवाच बंद झाली होती."

माझा हात डिकीवरच राहिला. मामांनी मला नजरेनेच गप्प केलं. मग उघड्या दारातून उजवा पाय बाहेर काढला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवला.

"गाडीले मिस्त्रीनं भरून देल्लं," ते म्हणाले. "आता तिले घरचं चालत नाही. इकडं ये. इथं लाव."

मामी बाटली धरून उभ्या राहिल्या. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग मामांकडे, मग माझ्याकडे, आणि मला नजर चुकवता आली नाही. कपाळावरच्या पिवळ्या डागाकडे त्यांचा हात गेला.

"माह्या तेलानं झालं होतं काय वो?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मामांनी पाय आणखी पुढे केला. मग म्हणाले, "तुह्या तेलानं हा पाय चालून राहिला. लाव लवकर, गाडी चुकल तिची."

मामी दारापाशी खाली बसल्या. डोळ्यातलं पाणी पुसलं नाही, दोन्ही हात तेलाचे होते. गुडघ्यापासून पावलापर्यंत त्यांनी तेल लावलं, अंगठ्याने शिरा शोधत, नेहमीसारखं. मामा या वेळी तलावाकडे पाहत नव्हते.

वरठीला पोचेपर्यंत गाडीभर लसणाचा वास होता. स्टेशनसमोर मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली.